म्हातारपणी कुणाजवळ राहावे?

नोकरीत असताना कुठे राहायचे हे आपण ठरवत नाही. बदलीचा आदेश ठरवतो, मुलांची शाळा ठरवते, घरभाड्याची ऐपत ठरवते. वयाच्या ५८ व्या वर्षी शाल आणि श्रीफळ हातात पडते आणि हा प्रश्न पहिल्यांदा आपला होतो. जो भेटेल तो विचारतो, "आता काय, मुलाकडे की गावाकडे?" विचारणाऱ्याच्या दृष्टीने हा सोयीचा प्रश्न असतो. दवाखाना कुठे जवळ आहे, पाणी कुठे बारमाही आहे, हवा कुठे मानवते, एवढाच. आम्हा नवरा-बायकोला, दोन निवृत्त प्राथमिक शिक्षकांना, तो हक्कांचा प्रश्न वाटतो. म्हाताऱ्यांचा मुलांवर किती हक्क आहे, मुलांचा म्हाताऱ्यांवर किती, सुनेचा किती, शेजाऱ्याचा किती, हे मांडल्याशिवाय घराचा पत्ता ठरत नाही.

आमचे गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागले की केर्लीजवळ एक वाट डोंगरावर वळते. वर वाडी रत्नागिरी, म्हणजेच जोतिबा. चैत्र पौर्णिमेला 'चांगभलं'चा गजर आणि गुलाल घेऊन लाखो माणसे या वाटेने जातात. सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची मानाची सासनकाठी येते, मागे दूरदूरच्या गावांच्या काठ्या येतात. पायथ्याच्या गावांत मुसलमानांची घरे थोडी. घरात दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. यात्रेच्या दिवसांत दारात थांबलेल्या माणसाला पाणी द्यायचे, हे आमच्या अम्मीने आम्हाला शिकवले. ती आता गावच्या कब्रस्तानात आहे. आमची मुले तीन. थोरला पुण्यात, धाकटा आखातात, मुलगी इचलकरंजीला सासरी. अशी वाटणी आज घराघरात आहे, त्यात नवल काही नाही.

ही वाटणी झाली कशी, हे आधी पाहिले पाहिजे. १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करवली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. खेड्यापाड्यातली मुसलमानांची पोरे ट्रंका घेऊन शहरात आली, शिकली, आणि शिकलेली बहुतेक परत गेली नाहीत. मास्तर झाली, कारकून झाली, मुंबईला गेली. मुलाला शिकवायचे म्हणजे त्याला घरापासून दूर पाठवायचे, हा सौदा तेव्हाच ठरला. आम्ही आयुष्यभर शाळेत पोरांना सांगत आलो, "शिका, बाहेर पडा." आपल्याच शिकवणीने जो बाहेर पडला, त्याला म्हातारपणी परत ये म्हणण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही. त्याची आठवण काढता येते, वाट पाहता येते. त्याची नोकरी मोडायला लावता येत नाही.

मग आपण त्याच्याकडे जावे का? इथे कोल्हापूरच्याच एका बुजुर्गाचे उदाहरण आठवते. उस्ताद अल्लादिया खाँ १८५५ साली उणियाऱ्यात जन्मले आणि शाहू महाराजांच्या दरबारात गायक म्हणून कोल्हापुरात राहिले. ६ मे १९२२ रोजी महाराज वारले. खाँसाहेब तेव्हा सदुसष्टाव्या वर्षात होते. आजच्या भाषेत सांगायचे तर नोकरी संपली. ते मुंबईला गेले. तिथे केसरबाई केरकरांसारख्या शिष्या त्यांच्याकडे शिकत होत्या, आणि पुढची जवळजवळ चोवीस वर्षे, १९४६ साली डोळे मिटेपर्यंत, मुंबई हेच त्यांचे ठिकाण राहिले. चिरंजीव मंजी खाँ वडिलांच्या हयातीतच, १९३७ साली गेले. दुसरे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात राहिले, इथे शिष्य तयार केले आणि १९५० साली वारले. भूर्जी खाँचे चिरंजीव अझीझुद्दीन खाँ यांनी आजोबांनी सांगितलेल्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००० साली पुस्तकरूपाने आले.

खाँसाहेबांच्या मनात काय होते, हे सांगण्याचा आव आम्ही आणत नाही. पण जे घडले त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, मुलाच्या आधाराचा हिशेब करून म्हातारपणाचे गाव ठरवले, तरी आयुष्य तो हिशेब पाळेलच असे नाही. बापाला मुलाचा जनाजा पाहावा लागतो. दुसरी, त्या वयातही त्यांच्याजवळ देण्यासारखे काही होते आणि घेणारे होते. नातवाला जवळ बसवून जे दिले ते सेवेच्या बदल्यात दिले नव्हते. म्हातारे माणूस घरात असण्याचा खरा अर्थ हा असावा. आपण फक्त सांभाळून घेण्याची वस्तू झालो, की मुलाचा तीन खोल्यांचा फ्लॅट आपल्यालाही जड होतो आणि त्यालाही.

आई-वडिलांच्या हक्काविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. जुम्म्याच्या बयानात दर चार-सहा आठवड्यांनी हा विषय येतो. कुराणात बनी इस्राईल या सूरेत म्हाताऱ्या आई-बापांशी त्रासिक शब्दही बोलू नये अशी ताकीद आहे. ती आपल्या मुलांना पाठ असते. पण ही ताकीद कुणाला आहे? अवलादीला आहे, मुलाला आणि मुलीला आहे. प्रत्यक्षात ती पार कोण पाडते? सून. सासूला औषध देणे, सासऱ्याचे पथ्य सांभाळणे, रात्री उठणे हे सगळे तिच्याकडे जाते, आणि तिचे स्वतःचे आई-बाप दुसऱ्या गावात एकटे असतात. हनफी उलेमांनी सांगितलेले आहे की सासू-सासऱ्यांची खिदमत हे सुनेवर कायद्याने बंधनकारक नाही. तिने केली तर तो तिचा चांगुलपणा. हे वाक्य बयानात क्वचित ऐकू येते. मुलगा ऑफिसातून येऊन "अब्बा, बरे आहे ना?" विचारतो आणि हक्क अदा झाला असे समजतो. अशा घरात राहायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी आधी हे विचारले पाहिजे की आपल्या मुलाचे कर्तव्य आपण कुणाच्या मुलीच्या डोक्यावर ठेवत आहोत? आणि आपली मुलगी इचलकरंजीत कुणाचे कर्तव्य वाहते आहे?

भावंडांचेही असेच. ज्याच्या घरी आई-बाप राहतात त्याच्यावर सगळे सोडून बाकीचे मोकळे होतात. ईदला येतात, मिठाई आणतात, आईच्या तब्येतीवरून वहिनीला दोन शब्द सुनावतात आणि जातात. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी नाचवताना आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. काठी एकाच्या खांद्यावर असते, पण वरून चहूबाजूंना दोर सोडलेले असतात आणि ते धरून माणसे उभी असतात. एकाने जरी दोर सैल सोडला तरी काठी कलते, आणि ज्याच्या खांद्यावर ती आहे त्याची कंबर मोडते. म्हाताऱ्यांच्या घराचेही तेच आहे. दूर असलेल्या मुलाने पैशाचा दोर धरावा, मुलीने महिन्यातून चार दिवसांचा धरावा. मुलीचा हिस्सा वारशात सांगितलेला आहे, तो आपण देत नाही. सेवेत मात्र तिचा हिस्सा मागायला विसरत नाही. दोन्ही सरळ केले पाहिजे.

घराच्या कागदांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. निवृत्तीचे पैसे आले की मुलाच्या फ्लॅटात घालायचे, गावचे घर त्याच्या नावे हिबा करून द्यायचे, आणि मग त्याच्याकडे पाहुण्यासारखे राहायचे, हा रिवाज वाढला आहे. हिबा पुरा व्हायला ताबा द्यावा लागतो. म्हणजे छप्पर आपल्या हातून गेले. वसियत करायची तर ती साधारणपणे एक तृतीयांशापुरती, बाकीचे वारसांच्या ठरलेल्या हिश्शांनी. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. तो सर्व धर्मीयांना लागू आहे, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास रद्द करून मागण्याची सोय त्यात आहे. पण मुलाविरुद्ध प्रांत कचेरीत उभे राहण्याची वेळ कुणावर येऊ नये. त्यापेक्षा जिवंत असेपर्यंत आपले छप्पर आपल्या नावे ठेवावे. यात मुलावर अविश्वास नाही. आपल्या डोक्यावर आपले छप्पर असले म्हणजे आपण मुलाच्या घरी प्रेमाने जातो, गरजेने नाही.

इतके सगळे मांडून झाल्यावर थोरला फोनवर जे बोलतो, ते उरतेच. "अब्बा, तिथे तुम्ही दोघेच. दिवस पूर्वीसारखे राहिले नाहीत." त्याचे म्हणणे खोटे नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून तणाव झाला, बंद झाला, दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर जमाव चालून गेला. गजापूर आमच्याच जिल्ह्यातले. त्या रात्री आम्हालाही झोप लागली नाही. थोरला म्हणतो, कोंढव्याला या, आपली माणसे आहेत, मशीद खाली उतरले की समोर. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबे मुंब्र्याला गेली, हे आपण पाहिले आहे. घाबरून हललेल्या माणसाला दोष देण्याचा कुणाला अधिकार नाही. ज्याच्या दारावर जमाव आला त्याने काय करावे, हे ज्याच्या दारावर आला नाही त्याने सांगू नये.

पण आमच्यापुरता विचार आम्ही असा केला. या पंचक्रोशीत आम्ही तीस-पस्तीस वर्षे पोरे शिकवली. आज जो सरपंच आहे, जो दूध डेअरीत बसतो, जो यात्रेत काठी धरतो, त्यांच्यापैकी कितीतरी जणांची पाटी आम्ही पुसली आहे. अफवा उठली की ती खरी की खोटी हे विचारायला यातला एखादा आमच्या ओट्यावर येऊ शकतो. कोंढव्याच्या सहाव्या मजल्यावर कोण येणार? गावात ज्यांच्या शब्दाला किंमत आहे असे पेन्शनर मुसलमानच उठून गेले, तर मागे राहणाऱ्या रोजंदारीवरच्या घरांसाठी बोलणारे कोण उरते? शेजाऱ्याचा हक्क इतका मोठा की तो वारस ठरतो की काय असे पैगंबरांना वाटू लागले होते, असे हदीसमध्ये येते. हा हक्क फक्त मुसलमान शेजाऱ्याचा नाही. आणि शेजार दोन्ही बाजूंनी असतो. आम्ही उठलो तर जाधवांच्या म्हातारीचाही एक आधार जातो.

हे सगळे पेन्शन असलेल्यांचे बोलणे आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीला लागलेल्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना ठेवली नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या योजना आल्या. आणि ज्यांनी आयुष्यभर हातगाडी ओढली त्यांच्याकडे कुठलीच नाही. त्यांच्या म्हातारपणाचा पत्ता पोटच ठरवते. ज्याला निवड करता येते त्याने ती केवळ स्वतःची सोय पाहून करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

गावात राहण्याचा मोठेपणाही मिरवू नये. पावसाळ्यात डोंगरावरून धुके उतरले की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही आणि गुडघे बोलू लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता पाण्याखाली गेला. अशा वेळी छातीत कळ आली तर सीपीआर गाठायचे कसे? 'आम्ही गाव सोडणार नाही' म्हणून हट्टाने बसलेल्या म्हाताऱ्यांपायी मुलाला रजा काढून रातोरात गाडी हाकत यावे लागते. हट्ट म्हाताऱ्यांचा आणि त्याची किंमत मुलाची, हाही हक्क मारण्याचाच प्रकार आहे.

म्हणून आम्ही तिन्ही मुलांना एकत्र बसवून, धाकट्याला फोनवर घेऊन, सांगितले. हातपाय चालतात तोवर आम्ही इथे. दोघांपैकी एक मागे राहिला, किंवा दोघांनाही स्वतःचे स्वतः करता येईनासे झाले, की तुम्ही बोलवाल तिथे येऊ. एकदा आलो की 'गावाकडे सोडा' म्हणून रोज रडणार नाही. कामाला बाई ठेवायची, तिचा पगार आमच्या पेन्शनमधून. सुनेला विचारल्याशिवाय यातले काही ठरवायचे नाही, आणि तिचे आई-वडील आजारी पडले तर तिने आधी तिकडे जायचे.

शेवटी राहिला कब्रस्तानाचा विषय. अम्मी-अब्बांच्या शेजारी जागा मिळावी असे कुणाला वाटत नाही? आम्हालाही वाटते. पण दफन लवकर करावे, जिथे मौत येईल तिथे करावे, हेच दीनने पसंत केले आहे. पुण्यात डोळे मिटले तर पुण्यात माती द्या, असे आम्ही लिहून ठेवले आहे. मुलांनी रात्रभर मय्यत घेऊन घाट उतरत यावे आणि पोहोचलो नाही तर आयुष्यभर मनाला लावून घ्यावे, असे कर्ज आम्हाला त्यांच्यावर ठेवायचे नाही. हे ऐकून थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, या चैत्रात सुट्टी काढतो, पोरांना घेऊन येतो, चार दिवस राहतो.