टाक्याचा वेग

साठीनंतर गोधडी शिवायला घेतलेल्या बाईला लोक आधी मशीनबद्दल विचारतात. कुठले घेतले, केवढ्याला पडले, ऑटोमॅटिक आहे का. गोधडीच्या पोटात काय जाणार, ती कोणाच्या अंगावर जाणार, हे प्रश्न फार नंतर येतात आणि पुष्कळदा येतच नाहीत. मला हा क्रम उलटा हवासा वाटतो. गोधडी नीट समजली तर मशीनचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा आपले वय आणि आपले घर सोडवते.

परदेशी क्विल्टमध्ये वर जोडलेले रंगीत तुकडे, मधे कापसाचा थर आणि खाली अस्तर, असा तीन पदरांचा हिशेब असतो. आपल्याकडे जुनी लुगडी, धोतरे, चादरी एकावर एक अंथरतात, विरलेल्या जागी आणखी एक तुकडा सरकवतात, वरखाली त्यातल्या त्यात धड कापड घेतात आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत येतात. कापूस बहुतेक वेळा नसतोच. ऊब थरांची असते. म्हणून गोधडीतला टाका आधी धरून ठेवायला असतो आणि मग दिसायला. विरलेले कापड एकटे असले की बोट लावताच फाटते. तसेच पाच-सहा थर जवळजवळच्या टाक्यांनी बांधले की वर्षानुवर्षे धुणे सोसतात. टाका घालताना डावा हात खालून थर चाचपत असतो. कुठे कापड गोळा झाले, कुठे पोकळ राहिले, हे डोळ्याआधी त्या हाताला कळते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी बायका कवंद शिवतात, तीही अशीच कडेकडेने आत येत. चारही कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या तुकड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंद उघडी दिसते, असे त्या मानतात. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केले, ते २०१३ मध्ये फ्रान्समध्ये छापले गेले. आपल्या माळ्यावर, पेटीच्या तळाशी पडलेली गोष्ट संग्रहाच्या आणि अभ्यासाच्या योग्यतेची आहे हे अशा पुस्तकाने ठसते. पण आमच्या घरात ती कोणी संग्रहासाठी शिवली नव्हती.

माझे बालपण परळच्या चाळीत गेले. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. घरात मशीन होते आणि गोधड्याही होत्या, पण त्या दोहोंची गाठ कधी पडली नाही. मशीन सकाळचे आणि रात्रीचे, पैशाचे: ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे. गोधडी दुपारची, गॅलरीतली, हाताची. जेवणे आटोपल्यावर शेजारच्या दोघीतिघी येत, एकेक कड धरून बसत आणि बोलता बोलता टाके पडत जात. गोधडीसाठी मशीन लावलेले मी पाहिले नाही. मशीनचा वेळ मोलाचा होता, तो चिंध्यांवर खर्च करणे आईला परवडणारे नव्हते.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आमच्या चाळीत ज्या घरी मशीन होते त्या घरी त्यानंतर रात्री उशिरापर्यंत पायडलचा आवाज येत राहिला. नगावर पैसे होते, त्यामुळे वेग म्हणजेच उत्पन्न होते. मी तेव्हा बँकेच्या परीक्षा देत होते. मशीनजवळ गेले की आई म्हणायची, "तू इथे बसू नकोस. तुला हे करायचं नाहीये." ती रागाने म्हणत नसे. शिवणे हे तिच्या लेखी गरजेचे लक्षण होते आणि मुलीने त्या गरजेतून सुटावे एवढीच तिची इच्छा होती. माझ्या वयाच्या, गिरणगावात वाढलेल्या कितीतरी जणींना शिवता येत नाही. कारण विचारले तर बहुतेकींकडून हेच ऐकायला मिळते. आयांनी सुई हौसेने दिली नाही तशी आळसाने लपवलीही नाही. त्यांनी ती जाणूनबुजून दूर ठेवली. माझी पिढी टायपिंग, शॉर्टहँड, बँका, विमा यांत गेली आणि निवृत्तीनंतर, पेन्शन सुरू झाल्यावर, त्याच सुईकडे परत आली. हे परत येणे मला फार मोलाचे वाटते, कारण आता त्यात भीती नाही.

एवढे सांगितल्यावर मशीनकडे येते.

अमेरिकेत आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतले आणि थोड्याच वर्षांत हप्त्यांवर विक्री सुरू केली. मशीन घरोघर गेले यात त्या हप्त्यांचा वाटा यंत्राइतकाच मोठा. आपल्या भागात सिंगरचा व्यापार वाढवला तो मुंबईच्या एका पारशी गृहस्थांनी, नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी. हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन एवढा पसारा त्यांच्याकडे होता. पुढे १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा मशीन आणले. लाला श्रीराम यांच्या मुलीचे ते नाव. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले. पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट वाचावेत म्हणून, प्रेमापोटी, सिंगरने ते केले, असे ते म्हणाले. त्या भावनेचा मला आदर आहे. पण परळच्या खोलीत मशीनने आईचे कष्ट वाचवले असे मी म्हणू शकत नाही. मशीनने तिला मिळवते केले आणि तिचा दिवस लांबवला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

त्यामुळे दादरच्या दुकानात विक्रेत्याने "मावशी, मिनिटाला आठशे टाके" असे अभिमानाने सांगितले, तेव्हा तो मला माझ्या आईचा हिशेब सांगत होता. आठशे टाक्यांची मला गरज नव्हती. मला हवे होते ते एक टाका घालून थांबणारे मशीन. पायडलवरून पाय उचलला की सुई तिथल्या तिथे उभी राहावी, चाक हाताने फिरवून पुढचा टाका हवा तिथे टाकता यावा, आणि पाच-सहा थर समोर आले तरी आवाज बदलू नये. दुकानात जाताना मी जुन्या साडीच्या घड्या घातलेला जाडसर तुकडा पिशवीत नेत असे. दुकानदार नमुना म्हणून कडक, नव्या, एकपदरी कापडावर टीप मारून दाखवतात. त्यावर कुठलेही मशीन छान चालते. खरी परीक्षा मऊ, विरलेल्या, थरांच्या कापडावर, आणि तीही शिवण जिथे शिवणीला ओलांडते त्या उंचवट्यावर.

टीप कशी पडते हे एकदा समजून घेतले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, शटल त्याचा फास पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवते, आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. थर वाढले की ती गाठ मधोमध बसवणे अवघड होते. ताण जरा चुकला की खाली लूप लोंबू लागतात. त्याहून मोठी अडचण सरकण्याची. खालचे दाते खालच्या थराला मागे ओढतात, वरचा फूट वरच्या थराला पुढे ढकलतो, आणि चार हात टीप मारून झाल्यावर वरचे कापड बोटभर लांब उरते. यासाठी वॉकिंग फूट मिळतो. त्याला वरूनही दाते असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे थर बरोबरीने चालतात. गोधडीसाठी मशीन घेणाऱ्याने नक्षीच्या टाक्यांची संख्या विचारण्याआधी हा फूट त्या मशीनला बसतो का, एवढे विचारावे.

मग जागा. सुई आणि उजवीकडचा खांब यांच्या मधल्या पोकळीतून गुंडाळलेली अर्धी गोधडी जावी लागते. घरगुती मशीनमध्ये ती साधारण सहा-सात इंच असते. दुहेरी गोधडी तिथून ढकलताना खांद्यांचा जो कस लागतो तो तरुण विक्रेत्याला सांगून कळत नाही. संगणकी मशीनमध्ये सुई ओवून देणारी सोय, चांगला दिवा, वेग बांधून ठेवणारी पट्टी असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना या गोष्टी चैनीच्या नाहीत, आणि ज्यांनी त्यासाठी ते मशीन घेतले त्यांनी योग्यच केले असे मी म्हणेन. पायमशीनवर माझे मन होते, पण गुडघ्यांनी नकार दिला. शेवटी मी साधे काळे, बिडाचे, फक्त सरळ टीप मारणारे मशीन घेतले आणि त्याला छोटी मोटर बसवून घेतली. सुईखालच्या पट्टीला एकच बारीक भोक असल्याने विरलेले कापड आत ओढले जात नाही. ते जड आहे, जागेवरून हलत नाही. बिघडले तर दुरुस्त करणारा कारागीर माटुंग्यात सापडतो आणि भाग कुठेही मिळतात. वर सुई ओवण्यासाठी वेगळा दिवा आणि भिंग लावले आहे.

माटुंग्याचा या कामाशी असलेला संबंध मी इथे राहायला आल्यावर पुष्कळ वर्षे माझ्या ध्यानात आला नव्हता. १८८७ मध्ये भायखळ्याला सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आताची वीरमाता जिजाबाई संस्था, १९२३ पासून इथे आहे. गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवण्यात तिचा मोठा हात. साच्यावरच्या कामगाराची मुलगी त्या इमारतीवरून रोज भाजीला जाते. शिवाय इथला शेजार! आमच्या मजल्यावरच्या तमिळ मामींकडे मी जुनी कापडे मागितली, तर त्यांनी यजमानांच्या धुवून धुवून सायीसारख्या झालेल्या वेष्ट्या काढून दिल्या. गोधडीच्या पोटात घालायला त्याहून चांगले कापड मला मिळालेले नाही. खालच्या मजल्यावरच्या कच्छी बेनने आपल्या सासूची धडकी दाखवली. जुन्या कापडांचे तेच थर, तोच धावदोरा, फक्त टाके इतके जवळ की कापड जरासे उभे राहते. किंग्ज सर्कलच्या बाजूला रेशमी साड्यांची झगमग असते आणि वरच्या घरांत ही मऊ, फिकी, मापाबाहेर धुतलेली संपत्ती पडून असते. लोक ती फरशी पुसायला काढतात. मला ते बघवत नाही, आणि आता शेजारणी आधी माझी कडी वाजवतात.

मशीन आल्यावर खरा निर्णय राहिला होता: काय मशीनवर करायचे आणि काय हाताने. वरचे तुकडे जोडणे, कडेचा गोट लावणे मी मशीनला दिले. सरळ रेघ मशीन माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे मारते. आतले धरून ठेवणारे टाके मी हातानेच घालते. थर चाचपणारा तो डावा हात मशीनला नाही. फूट सगळ्यांना सारखेच दाबतो, आणि विरलेल्या कापडाला सारखी वागणूक सोसत नाही. दोराही सुतीच वापरते. जुन्या सुती साडीत मजबूत पॉलिस्टरचा दोरा घातला की ताण आल्यावर दोरा राहतो आणि कापड कापले जाते. हाताचे टाके सरळ येत नाहीत, नजरेच्या अंतरावर ते वाकडे दिसतात, पण थर नीट बसतात. त्यात माझी दुपार जाते. आईच्या दुपारीही अशाच जात असत. फरक एवढा की तिला पुढे संध्याकाळची पाळी असे.

अपवाद एका प्रकारच्या गोधड्यांचा. परळच्या टाटा रुग्णालयात गावोगावहून कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसे येतात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे अशी कितीतरी कुटुंबे उतरतात. १९५६ मध्ये गेलेले हे संत स्वतः ठिगळांचे कपडे घालत, आणि काही भागांत लोक त्यांना गोधडे महाराज म्हणून ओळखत. ओळखीतून कोणी उपचारासाठी येणार असे कळले की मी त्यांना गोधडी देते, आणि ती पूर्ण मशीनवर शिवते. तिथे माझी दुपार मोलाची नसते. ती गोधडी गरम पाण्यात, वारंवार, जोरात धुतली जाणार असते. हाताचा धावदोरा एका जागी तुटला की पुढचा सुटत जातो. मशीनची टीप दोन दोऱ्यांत अडकलेली असल्याने तशी सहज उसवत नाही. त्यासाठी कापड थोडे नवे घेते, थर कमी ठेवते, म्हणजे ती हलकी राहते आणि परतीच्या गाडीत घडी करून नेता येते. रेघा हातभर अंतरावर न मारता चार बोटांवर मारते. अशी गोधडी एका बैठकीत होत नाही, पण रुग्ण यायच्या तारखेआधी ती तयार असावी लागते. तेव्हा मी मोटरचा वेग वाढवते.