मंत्रशक्तीचा हिशेब

टेबलावर फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या कल्पनाविश्वाच्या खेळांतील जादू प्रथम युद्धखेळांच्या पोटी जन्मली. 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी अमेरिकेत ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका काढली. तिच्या पुरवणीत एक जादूगार होता. तो आगीचा गोळा किंवा वीज फेके, आणि त्या गोळ्याने किती जागा व्यापावी हे दगडफेक्या यंत्राच्या मापाने ठरलेले होते. त्या पटावर मंत्र म्हणजे वेगळ्या नावाची तोफच होती.

1974 साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि प्रश्न बदलला. आता प्रत्येक खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच पात्र होते. जादूगाराला हवे तितक्या वेळा मंत्र टाकता आले असते, तर शेजारी बसलेल्या तलवारबाजाला करण्यासारखे काही उरले नसते. यावरचा तोडगा जॅक व्हान्स यांच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या कथासंग्रहात सापडला. त्यातील मंत्र इतके अवघड की मोठ्या जादूगाराच्याही डोक्यात एका वेळी मोजकेच मावतात, आणि एकदा उच्चारला की मंत्र स्मरणातून पुसला जातो. खेळाने हाच नियम उचलला. पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एक मंत्र. आगीचा गोळा हवा असेल तर पाचवी पातळी गाठायची.

चौकट व्हान्स यांची असली, तरी तिच्यात भरलेला माल अनेक गावचा होता. काठ्यांचे साप करणे आणि पाणी दुभंगणे हे मोझेसच्या कथांतून आले. 1975 च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत दोरीचा मंत्र आला: दोर हवेत ताठ उभा राहतो आणि वर चढलेली माणसे दिसेनाशी होतात. ही भारतीय जादूगारांची म्हणून जगभर गाजलेली करामत. तिच्या आधुनिक कीर्तीला 1890 साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने छापलेली आणि नंतर स्वतःच खोटी ठरवलेली बातमी बरीचशी कारणीभूत होती. कल्पना मात्र खूप जुनी. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या मांडूक्यकारिकांच्या भाष्यात आकाशात सूत्र फेकून वर चढणारा मायावी दृष्टांत म्हणून येतो.

याच खेळाच्या 1978 च्या नियमग्रंथाने मंत्राचे तीन घटक पक्के केले: उच्चार, हातवारे आणि द्रव्य. आगीच्या गोळ्यासाठी गंधक आणि वटवाघळाची विष्ठा लागते, ही बंदुकीच्या दारूवरची मिस्कील कोटी. पण मराठी वाचकाला ही विभागणी परकी वाटू नये. धुंडीसुत मालू यांच्या 1819 सालच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या पोथीत नाथ झोळीतली भस्माची चिमूट घेतात, मंत्र जपतात आणि अस्त्र सोडतात. समोरचा त्यावर उतारा टाकतो. मंत्र चुकीच्या जागी लागू पडण्याचा धोकाही तेथे आहे. गोरक्षनाथ संजीवनी मंत्र घोकत असताना मुलांच्या हट्टापायी चिखलाचा गाडीवान करतात, पुतळा जिवंत होतो आणि पुढे तोच गहिनीनाथ म्हणून ओळखला जातो.

मर्यादेची कल्पनाही भारतीय कथेला नवी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तिची ठळक उदाहरणे आहेत. कर्णाची वासवी शक्ती एकदाच वापरता येते आणि ती घटोत्कचावर खर्ची पडते. परशुरामाच्या शापामुळे ऐन वेळी त्याला ब्रह्मास्त्र आठवत नाही. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येते. मागे घेता येत नाही, कारण त्यासाठी लागणारा संयम त्याच्यापाशी नाही. व्हान्स यांचा जादूगार मंत्र विसरतो तो मंत्र उच्चारून झाला म्हणून. कर्ण विसरतो तो गुरूशी खोटे बोलला म्हणून.

भेद येथे आहे. पुराणकथेत शक्तीला आवर घालतात शाप, व्रत आणि गुरूची आज्ञा. खेळात तोच आवर गणित घालते. त्यामुळे जादूतले गूढ आटले, ही तक्रार अगदीच चुकीची नाही. मात्र शाप कोणाला आणि केव्हा भोवणार हे कथाकार ठरवतो, तर दिवसाचे मोजके मंत्र टेबलाभोवतीच्या सर्वांना आधीपासून ठाऊक असतात. एकाच निवेदकाच्या हाती नसलेली कथा चालायची, तर नियम असा उघड असावाच लागतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीने वापरलेला मंत्र स्मरणातून पुसण्याची अट काढून टाकली, तरी दिवसाला किती वेळा मंत्र टाकता येतील याची मोजदाद ठेवली. आगीचा गोळा कोणावर टाकावा, हे मात्र कोणतीच आवृत्ती सांगत नाही. कथेत शापाने केलेले ते काम येथे खेळणाऱ्यांच्या विवेकावर सोपवलेले आहे.