ठेव, खातेवही आणि विश्वास

आपल्या सभासद कुटुंबांतील तरुणांच्या तोंडी हल्ली ‘क्रिप्टो’ हा शब्द वारंवार येतो. नाणी स्वतः निवडण्याचा खटाटोप न करता एखाद्या जाणत्या व्यवस्थापकाकडे रक्कम सोपवावी आणि तिचा हिशेब ब्लॉकचेनवर सर्वांस उघडा असावा, अशा योजना निघाल्या आहेत. येथे कोणावरही विश्वास ठेवण्याची गरजच नाही, असे त्यांचे समर्थक सांगतात. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे असे आम्हांस वाटते.

ब्लॉकचेन म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली खातेवही. एके ठिकाणी खाडाखोड केली, तर इतर प्रती ती तत्काळ उघडी पाडतात. तिच्यावरील करार हा आज्ञावलीच्या रूपात असतो. अट पुरी होताच रक्कम आपोआप हलते. काही योजनांत व्यवस्थापकास खरेदी-विक्री करता येते, परंतु ठेव उचलून नेता येत नाही. ही योजकता खरोखर प्रशंसनीय आहे. तिची नुसती थट्टा करणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. इतका उघडा हिशेब किती संस्था ठेवतात?

तथापि २०१६ साली काय घडले ते पाहावे. इथेरियम नामक खातेवहीवर ‘द डाओ’ हा सामाईक निधी उभा राहिला. गुंतवणूक कोठे करावी हे सभासदांनी मतदानाने ठरवावयाचे होते. सुमारे १५ कोटी डॉलर मोलाचे इथर जमले. आज्ञावली हाच अंतिम करार, असे आरंभीच जाहीर झाले होते. जूनमध्ये कोणा अज्ञात इसमाने तीतील उणीव हेरली: शिल्लक वजा होण्यापूर्वीच पुनःपुन्हा रक्कम मागता येत होती. त्याने सुमारे ३६ लाख इथर वळविले. सुदैवाने नियमानुसार ती रक्कम काही आठवडे अडकून राहणार होती, म्हणून विचारास अवधी मिळाला.

तो चोर होता काय? लिहिलेला एकही नियम त्याने मोडला नव्हता. तरीही बहुतेकांनी ती चोरीच मानली आणि २० जुलै २०१६ रोजी खातेवहीत बदल करून मूळ मालकांना रक्कम परत घेण्याची वाट खुली केली. अल्पमतवाल्यांनी जुनीच वही पुढे चालविली. तीच ‘इथेरियम क्लासिक’. आमच्या मते रक्कम परत करणे न्याय्यच होते. परंतु विरोध करणारेही मूर्ख नव्हते. आज चोरासाठी वही बदलली, उद्या कोणासाठी बदलेल, हा त्यांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. अखेरचा निर्णय यंत्राने नव्हे, माणसांनीच दिला.

म्हणून आरंभ करणाऱ्याने आधी व्यवस्थापक कोण, त्याचे शुल्क किती आणि आज्ञावली बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हे विचारावे. मग पैसा कोणाचा, हे स्वतःस विचारावे. वडिलांची निवृत्तीची पुंजी वा घरातील सामाईक शिल्लक लावणारा तरुण स्वतःच विश्वस्त ठरतो; घरच्यांना न सांगता त्याने ती लावणे आम्ही अधर्म समजतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास उतरले. उघडी वही भाव धरून ठेवीत नाही. शिवाय आपल्या देशात २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर असून एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

आरंभ करावयाचाच, तर स्वकमाईतील, बुडाली तरी घर हलणार नाही अशा रकमेने करावा. खात्याची किल्ली आपल्याच हाती असेल, तर तिचे गुप्त शब्द कागदावर उतरवून तो कोठे ठेवला आहे हे घरातील एका विश्वासू माणसास सांगून ठेवावे.