लेपाचे आयुष्य

जी वस्तू स्वतः झिजून दुसऱ्या वस्तूस झिजू देत नाही, तिने किती दिवस टिकावे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ दुकानदारीचा वाटेल. मोटारीच्या रंगावर चढवावयाचे मेण किंवा सीलंट विकत घेणारा गृहस्थ तो रोज विचारतो आणि विक्रेता महिन्यांत अथवा वर्षांत उत्तर देऊन मोकळा होतो. परंतु किंचित खोल पाहिल्यास त्यात दोन नैतिक प्रश्न दडलेले आढळतात. दिलेल्या शब्दाला काय किंमत असावी, हा एक. आणि रक्षणाची व्यवस्था एकदा लावून दिली की मनुष्य आपल्या कर्तव्यातून सुटतो काय, हा दुसरा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो सामान्यतः ३० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. ऊन, समुद्राची खारी हवा आणि पक्ष्यांची विष्ठा यांचा मारा त्याच्यावर होतो. तो आपल्या अंगावर घेण्यासाठी लेप. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण काही आठवड्यांपासून दोन-तीन महिने टिकते. कृत्रिम सीलंट साधारणतः चार ते सहा महिने. आणि सिलिकायुक्त सिरॅमिक लेपाविषयी तर वर्षांची भाषा केली जाते. तथापि हे आकडे लेपाचे एकट्याचे नव्हेत. बंद पडवीत उभी राहणारी गाडी आणि गोव्याच्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस झेलणारी गाडी यांवर एकच लेप सारखा टिकणार नाही. तीव्र साबणाने धुतल्यास तो आणखी लवकर जातो. सबब, ‘इतके महिने टिकेल’ हे वाक्य कोठे, कशा हवेत आणि कशा निगेत हे सांगितल्यावाचून अपुरेच राहते.

अशी आश्वासने आजचीच आहेत असे मात्र नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी व कवठे, सावरीची फुले इत्यादींचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवून त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेल मिसळावेत आणि तो लेप प्रासादांवर व प्रतिमांवर तापलेला असतानाच द्यावा, असे तेथे सांगितले असून त्याचे आयुष्य एक कोटी वर्षे दिले आहे! हा आकडा अक्षरशः कोणी घेत नाही. तो गौरवाचा उद्गार आहे, आणि त्यावर कोणी पैसे मोजून घेतले नाहीत. विक्रेत्याची ‘पाच वर्षे’ ही निराळी वस्तू आहे. तो करार आहे. स्तुतीत अतिशयोक्ती शोभते, करारात तीच असत्य ठरते. अटी पोटात ठेवून केवळ आकडा ओठांवर आणणारा मनुष्य खोटे बोलत नसेल. पण तो सत्यही बोलत नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. कोणी म्हणेल, ‘ज्याला वेळ नाही त्याने दीर्घकाळ टिकणारा लेप घेतला तर बिघडले कुठे?’ काहीच बिघडले नाही. श्रम वाचविणे हा दोष नव्हे. दोष तेव्हा घडतो, जेव्हा लेपाबरोबर मनुष्य आपले लक्षही काढून घेतो. लेप असला तरी वर बसलेला मळ धुवावाच लागतो. तो वेळीच निघाला नाही तर पुढे घासून काढावा लागतो, आणि प्रत्येक घासण्यात मूळ थराचा अंश जातो.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. अति निगाही वस्तूस खाते. चकाकीच्या हौसेने वारंवार पॉलिश करणारा गृहस्थ, ज्याचे रक्षण करावयाचे तेच झिजवीत असतो. पंढरपुरी श्रीविठ्ठलाचे चरण असंख्य भाविकांच्या स्पर्शाने झिजले आणि २०२० साली, यापूर्वीही झाले होते त्याप्रमाणे, मूर्तीस वज्रलेप करावा लागला. येथे झीज उपेक्षेने नव्हे, प्रेमाने झाली. अर्थात प्रेमालाही हात कोठे आवरावा हे कळले पाहिजे.

मग लेपाने किती टिकावे? आपली दृष्टी त्याच्याकडे पुन्हा वळेपर्यंत, हेच उत्तर मला योग्य वाटते. दृष्टी तीन महिन्यांनी वळणार असेल तर मेण पुरे; सहा महिन्यांनी वळणार असेल तर सीलंट घ्यावे; कधीच वळणार नसेल तर कोणताही लेप अपुराच आहे. गाडी स्वच्छ धुऊन पाण्याची वागणूक पाहावी. थेंब गोळा होऊन ओघळण्याऐवजी पाणी पसरू लागले, तर लेप संपत आला असे समजण्यास हरकत नाही; मात्र धुण्यापूर्वी पाहिल्यास मळच आपल्याला फसवितो.

आपल्या देवळांत समई रोज उजळतात आणि दीपस्तंभाला उत्सवापूर्वी चुना लावतात. काल उजळलेली समई आज पुन्हा उजळावी लागते म्हणून कालचे श्रम व्यर्थ गेले, असे कोणी मानीत नाही. रक्षणाचे कार्य एकदा करून संपत नाही. ते वेळोवेळी हाती घ्यावे लागते. लेप विकणाऱ्याने हे स्पष्ट सांगावे, आणि घेणाऱ्यानेही ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.