वादळानंतरचा दिवा



जर्मनीत हायडेलबर्गजवळ वाल्डॉर्फ हे लहानसे शहर आहे. संगणकाच्या कामानिमित्त आलेली आम्ही काही मंडळी येथे राहतो. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही शाब्बाथचे दिवे लावतो, तेव्हा विजेचा दिवा जळतच असतो. या देशात घरोघर जाणाऱ्या तारा बहुतेक जमिनीखाली असल्याने वीज सहसा जात नाही. म्हणून तिची किंमतही कळत नाही.

ती आम्हांला ३ जून २०२० रोजी कळली. त्या बुधवारी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब हजारोंनी कोसळले. नवगाव, रेवदंडा, अलिबाग, म्हसळा ही आपल्या वाडवडिलांची भूमी! आम्ही फोन लावीत होतो, पण पलीकडून आवाज येईना. दोन दिवसांनी शाब्बाथ आला. आमच्या घरी लखलखाट, आणि ज्यांनी आम्हांला शेमा शिकविला त्यांच्या घरी काळोख. दिवा लावताना मान खाली गेली.

कोणी म्हणाले, हा देवाचा कोप. पण एलियाहू हन्नाबीची कथा आठवा. होरेब पर्वतावर खडक फोडणारा वारा सुटला. परमेश्वर त्यात नव्हता. भूकंपात नव्हता, अग्नीतही नव्हता. मागून आलेल्या मंद वाणीत तो होता. त्या वाणीने नबीला गुहेत बसू दिले नाही. उरलेल्या कामासाठी परत पाठविले.

कोकणातही वादळ शमल्यावरच खरे काम सुरू झाले. कोविडच्या त्या दिवसांत महावितरणची माणसे इतर जिल्ह्यांतूनही मदतीला आली. अशा वेळी आधी उपकेंद्र, मग मुख्य वाहिनी, इस्पितळे, पाणीपुरवठा आणि शेवटी वाडीवस्तीवरची घरे, असा क्रम असतो. तारेला हात लावण्यापूर्वी वीज बंद असल्याची खात्री करून ती तार जमिनीशी जोडावी लागते. एका चुकीने वायरमनचा प्राण जातो. कित्येक गावांना काही आठवडे वाट पाहावी लागली.

हा क्रम योग्यच आहे. पण त्यात शेवटच्या घरची एकटी म्हातारी सर्वांत मागे राहते. तोरा तर विधवा, अनाथ व परका यांची काळजी आधी घ्यावयास सांगते. तेव्हा जेथे तार उशिरा पोहोचते, तेथे माणसाने लवकर पोहोचावे.

आपण परदेशी सुखरूप आहोत, असा गर्वही नको. २५ नोव्हेंबर २००५ रोजी याच जर्मनीत, म्युन्स्टरलांड भागात, ओल्या बर्फाच्या भाराने विजेचे मनोरे मोडले आणि सुमारे अडीच लाख लोक अंधारात बसले. तो दिवसही शुक्रवारच होता.

कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. उरलेले सहा दिवस ते तेल गाळीत, आणि त्या तेलावर शेजाऱ्यांचेही दिवे जळत. आपण त्यांचीच लेकरे. म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने गावाकडचे एक घर आपले मानावे. तेथे बॅटरीचा कंदील आहे काय, औषधे आहेत काय, हे विचारावे आणि शेजाऱ्याचा नंबरही लिहून ठेवावा. जीव वाचविण्यासाठी शाब्बाथही मोडावा, अशी आपल्या धर्माची आज्ञा आहे. मग एका फोनचा आळस का करावा?

खांबावर चढणाऱ्या प्रत्येक हाताचे परमेश्वर रक्षण करो, आणि शेवटच्या घरीही दिवा लागो. आमेन.