ओल जाते कुठे?

श्रावणात निलंग्याला सोवळ्याचं सुती लुगडं वाळता वाळत नाही, म्हणून लेकीनं ड्रायर घेऊन दिला. तर खोलीच्या भिंतींनाच ओल आली. मेकॅनिकनं ड्रायरची चेपलेली नळी सरळ करून खिडकीबाहेर काढली, जाळीत साचलेले तंतू झाडले. यंत्र पाणी नाहीसं करत नाही, वाफ करून बाहेर धाडतं. सांख्य दर्शनातला सत्कार्यवाद हेच सांगतो : जे आहे ते नष्ट होत नाही, रूप बदलतं.

मग लुगडं धुऊन विटाळ काढला की तो कुठे जातो? पाण्याची वाट दाखवता येते. विटाळाची येत नाही, कारण तो कापडात नव्हताच. आपण तो माणसांवर लादला होता. आता मी नीलकंठेश्वराच्या देवळात स्वच्छ, कोरडं लुगडं नेसून जाते. वाटेत कुणी शिवलं, तरी पुन्हा धूत नाही.