थांबलेल्या माणसाचे ऋण



मार्च २०२० मध्ये आपल्या कलबुर्गीचे नाव देशभर झाले, ते दुःखाने. करोनाने भारतात झालेला पहिला मृत्यू याच शहरातील एका वृद्ध गृहस्थाचा. १० मार्चला ते वारले, १२ मार्चला निदान नक्की झाले आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. त्या दिवसांतील मृत्यू आपण रोज मोजत होतो. परंतु ज्यांना केवळ ‘थांबा’ असे सांगण्यात आले, त्यांची आठवण कितीजणांनी ठेवली?

मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस असाच थांबलेला असतो. बीदर-कलबुर्गी भागातून तो हैदराबादला, सोलापूरला किंवा बंगळूरला जातो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करावेच लागते. राज्यांच्या सीमांवर पहारे बसले म्हणून ते चुकवता येत नाही. नव्या मूत्रपिंडाची आशा तर लांबच गेली. देशात २०१९ साली १२,६६६ अवयवरोपणे झाली होती. २०२० साली ती ७,४४३ वर आली.

डॉक्टर निर्दय झाले काय? तसे म्हणता येत नाही. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी करावी लागते. अशा माणसाला साथीच्या ऐन भरात इस्पितळात ठेवणे धोक्याचे होते. मूत्रपिंड देणारी आई किंवा बहीण तर धडधाकट. तिला त्या धोक्यात का लोटावे? मेंदू मृत झालेल्या दात्याचे अवयव घ्यावयाचे, तर अतिदक्षता विभागात खाट व माणसे हवीत. तेथे श्वास कोंडलेले रोगी होते.

म्हणजे थांबवणे पुष्कळदा योग्यच होते. पण निर्णय योग्य होता एवढ्याने आपण मोकळे होतो काय? मला वाटते, होत नाही. सर्वांच्या भल्यासाठी एकाला मागे उभे केले, तर त्याचे थांबणे हे सर्वांवरील ऋण होय. पौलाने करिंथकरांस लिहिताना मंडळीला शरीराची उपमा दिली व दुबळ्या अवयवाची गरज विशेष सांगितली. तो दुबळा अवयव आपल्याच बाकावर बसलेला असतो.

हे ऋण फेडण्याचे मार्ग साधे आहेत. रोपण झालेल्यांना लसीचे संरक्षण इतरांपेक्षा कमी मिळते. म्हणून आपण लस घ्यावी, खोकला-ताप असता उपासनेस न येता घरी राहावे. डायलिसिसला जाणाऱ्या शेजाऱ्याला सोबत द्यावी. आणि मरणोत्तर अवयवदानाविषयी घरात मोकळेपणाने बोलावे. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूनंतर अवयव देता येतात. कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ ही संस्था त्याची व्यवस्था पाहते. पण नुसता अर्ज भरून भागत नाही. त्या घटकेला संमती घरच्यांनाच विचारली जाते, आणि आपली इच्छा त्यांना ठाऊक नसेल तर दुःखाच्या भरात ते ‘नको’ म्हणतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना एकच प्रश्न विचारावा: आपल्या मंडळीत आज कोण थांबलेले आहे? मुले नावे सांगतील. मग त्या घरी कोण जाणार, हे मोठ्यांनी ठरवावे.